खंडपीठ की सर्किट बेंच?

मंडळी, आम्ही कोल्हापूरकर गेली चाळीसेक वर्षं एकच शब्द ऐकत आलो : खंडपीठ. मोर्चे झाले, वकिलांनी कामकाजावर बहिष्कार टाकला. कारण साधं. खालच्या कोर्टाचा निकाल विरोधात गेला की अपील हायकोर्टात, आणि हायकोर्ट पावणेचारशे किलोमीटरवर, मुंबईत! एका तारखेसाठी रात्रभर प्रवास.

18 ऑगस्ट 2025 ला इथं काम सुरू झालं, पण ते 'सर्किट बेंच'चं. आता हे काय? 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याचं कलम 51 बघा. कायमचं खंडपीठ राष्ट्रपतींच्या आदेशाने होतं. सर्किट बेंचला मुख्य न्यायमूर्तींचा निर्णय आणि राज्यपालांची मान्यता पुरते. औरंगाबादला 1981 मध्ये अशीच सुरुवात झाली, 1984 मध्ये ते कायम झालं.

वर दोन न्यायमूर्ती एकत्र बसले की त्यालाही 'खंडपीठ'च म्हणायचं! म्हणजे सर्किट बेंचमध्येही खंडपीठ बसतं. एकच नाव दोन गोष्टींना दिलेलं बघून माझ्यातला प्रोग्रामर वैतागतो. असो. सोलापूरपासून सिंधुदुर्गापर्यंत सहा जिल्ह्यांतल्या पक्षकाराला नावाशी काय देणंघेणं? त्याची तारीख जवळ आली, एवढं खरं.