जनावरांच्या हृदयाला तारेचा धोका

माणसाच्या हृदयविकारामागे बहुधा रक्तवाहिन्यांतील अडथळा असतो; गायी-म्हशींच्या हृदयाला मात्र चाऱ्यातून गेलेली तार किंवा खिळाही पुरेसा ठरतो. १९९९ मध्ये परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोलीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात पशुपालकांना या विकाराची माहिती असणे आवश्यक आहे.

जनावर चारा नीट न चावता गिळते व नंतर रवंथ करते. गिळलेली तार पोटाच्या जाळीदार कप्प्यात अडकते. हा कप्पा आणि हृदय यांमध्ये श्वासपटलाचा पातळ पडदाच असतो. पोटाच्या आकुंचनाने किंवा गाभणकाळातील दाबाने तार पुढे सरकून हृदयावरणात शिरते. तेथे पू साचतो आणि हृदयाची हालचाल जखडली जाते.

जनावर चारा सोडते, दूध आटते, उतारावर चालणे टाळते आणि पुढच्या पायांचे कोपर बाहेर काढून उभे राहते. पुढे मानेची शीर फुगते, गळ्याखाली व छातीपुढे सूज येते. स्टेथोस्कोपने हृदयाचे ठोके दबलेले किंवा पाणी खळखळल्यासारखे ऐकू येतात. क्ष-किरण व सोनोग्राफीने निदान पक्के होते.

तार पोटातच असताना लोहचुंबक देऊन किंवा शस्त्रक्रियेने जनावर वाचू शकते. हृदयावरणात पू झाल्यावर मात्र आशा फारच कमी उरते. म्हणून पहिल्या लक्षणांतच पशुवैद्यकाला दाखवावे; गरज भासल्यास शेजारच्या परभणीतील पशुवैद्यक महाविद्यालय गाठावे. गोठ्याजवळ तारांचे तुकडे व खिळे पडू न देणे, हा सर्वांत स्वस्त उपाय होय.