पोपच्या दारी, मरीच्या साली

१३४८ चा मार्च. ल्योंकडून रोन नदीच्या प्रवाहाबरोबर खाली आलेल्या पडावातून तुम्ही आविन्योंच्या धक्क्यावर उतरता. अंगावर पाद्र्याचा झगा, डोक्याचा मधला भाग भादरलेला आणि काखोटीला एक अर्ज. गावच्या चर्चचा पाद्री म्हातारा होऊन वारला, ती जागा तुम्हाला हवी आहे. आता असल्या बऱ्याच नेमणुका थेट पोपच्या कचेरीतून होतात आणि नव्या माणसाच्या पहिल्या वर्षाच्या उत्पन्नातला मोठा वाटा पोपच्या तिजोरीत जमा होतो. म्हणून खेड्यातला पाद्रीही इथवर खेटे घालतो.

पोप रोममध्ये असायला हवा, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण १३०९ पासून पोपांचा मुक्काम इथेच पडलाय. सध्याचे सहावे क्लेमेंट हे आविन्योंतले चौथे. मूळचे फ्रेंच, बेनेडिक्टाइन साधू, वक्तृत्वात नामी, आणि हात सढळ. त्यांनी आधीच्या पोपच्या राजवाड्याला दुसरा राजवाडा जोडायला काढला आहे.

धक्क्यावर नेहमीची हमाली नाही. वर ल्योंच्या बाजूला मरी अजून पोचलेली नाही, त्यामुळे इथला शुकशुकाट तुम्हाला कळत नाही. जानेवारीत ती मार्सेयहून आली. पहिले दोन महिने माणसं तापाने फणफणत, रक्त थुंकत आणि तीन दिवसांत संपत. आता काखेत आणि जांघेत गाठी येतात आणि पाच दिवस मिळतात. हा हिशेब पोपच्या वैद्याचा, गी द शोल्याकचा. त्याने पुढे आपल्या शस्त्रक्रियेच्या ग्रंथात तो लिहून ठेवला, आणि सोबत हेही कबूल केलं की वैद्यांच्या हातून काही होत नव्हतं, रोग्याच्या घरी जायलाही ते भीत होते. त्याला स्वतःला गाठ आली, तो सहा आठवडे पडून होता आणि वाचला. राजवैद्याच्या लेखणीतून असा कबुलीजबाब क्वचितच उतरतो. पॅरिसच्या विद्वानांनी मात्र १३४५ सालच्या शनी, गुरू, मंगळाच्या कुंभेतल्या युतीवर सगळं ढकलून हात झटकले. खरा गुन्हेगार पिसू, हे पॉल-लुई सिमों याने दाखवलं ते १८९८ मध्ये, तेही तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कराचीत.

अर्ज कारकुनाकडे देऊन तुम्ही रांगेत बसता. पोपपर्यंत तुम्हाला कोणी सोडणार नाही, पण साडेसहाशेहून जास्त वर्षांनंतरचे पाहुणे म्हणून आत डोकावायला हरकत नाही. पोपच्या अभ्यासिकेच्या भिंतींवर संत नाहीत, क्रूस नाही. तिथे ससाणे घेतलेले शिकारी, हरणामागे धावणारे कुत्रे, तळ्यात जाळी टाकणारे कोळी आणि झाडावर चढून फळं काढणारी पोरं आहेत. पोपच्या दालनात दिवसरात्र मोठे जाळ पेटलेले आहेत. हवा शुद्ध राहावी हा वैद्यांचा सल्ला. माणसांच्या गर्दीपासून दूर, आगीच्या धगीत बसलेल्या क्लेमेंटना मरी शिवली नाही. ते पळपुटे नव्हते, एवढं त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. त्यांनी नवं दफनस्थान विकत घेतलं, मरणाऱ्यांना पापमुक्ती जाहीर केली, आणि ती जागाही पुरेना तेव्हा रोन नदीच पवित्र करून तिच्यात प्रेतं सोडू दिली, असं सांगतात. त्या एप्रिलमध्ये शहरातून गेलेल्या एका पत्रात सहा आठवड्यांत नव्या जागेत अकरा हजार पुरल्याचा आकडा आहे. तो फुगवलेला असणार, पण लिहिणाऱ्याला तो खरा वाटत होता.

आता खालची खोली बघा, कारण सगळी सत्ता तिथून बाहेर पडते. दोन दाढीवाले साधू शिशाच्या गोळ्या दाबून शिक्के उठवताहेत. एका बाजूला संत पीटर आणि पॉल यांचे चेहरे, दुसऱ्या बाजूला पोपचं नाव. हुकूम असेल तर तागाची दोरी, मेहेरबानी असेल तर रेशमी धागा. या साधूंना लिहितावाचता येता कामा नये असा दंडक आहे, म्हणजे गुपित फुटणार नाही. मरीमुळे इतक्या चर्चच्या जागा रिकाम्या झाल्यात की त्यांची उसंत संपली आहे. तुमच्याही पत्राला रेशमी धागा लागतो.

तुम्ही रांगेत असतानाच नेपल्सची राणी जोआना शहरात येते. तिचा नवरा अँड्र्यू १३४५ मध्ये गळा आवळून मारला गेला आणि संशय तिच्यावर आहे. त्याचा भाऊ, हंगेरीचा राजा, नेपल्सवर चालून आल्यावर ती समुद्रमार्गे निसटली. आता न्यायनिवाडा पोपपुढे. पण आविन्यों हे शहर आहे कोणाचं? प्रोव्हान्सची मालकीण म्हणून याच राणीचं! पोप इतकी वर्षं परक्याच्या जमिनीवर राजवाडे बांधत होते. राणी निर्दोष ठरली, आणि ९ जूनला तिने ८०,००० सुवर्ण फ्लोरिनना शहर पोपला विकलं. फ्लोरिन साडेतीन ग्रॅमचा, म्हणजे सुमारे २८० किलो सोनं. निवाडा आणि सौदा यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, असं ज्याला मानायचं त्याने मानावं.

पोपच्या याच कचेरीतून त्याच उन्हाळ्यात वेगळंच काही बाहेर पडलं. विहिरींत विष कालवून ज्यूंनी मरी पसरवली, अशी आवई उठली होती. एप्रिलमध्ये तुलोंत ज्यूंची घरं फोडून चाळीसजण मारले गेले. क्लेमेंटनी जुलैत आणि पुन्हा २६ सप्टेंबरला फर्मानं काढली. त्यांतला युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे: ज्यूही याच मरीने मरताहेत, आणि जिथे एकही ज्यू राहत नाही तिथेही मरी आहेच, मग दोष त्यांचा कसा? ज्यूंना हात लावणाऱ्याला धर्मबहिष्कृत करा, असा बिशपांना हुकूम.

उत्तरेकडे निघालात तर या फर्मानाची नक्कल स्ट्रासबुर्गला पोचवा, असं तुम्हाला सांगितलं जातं. जासूद पुष्कळ मेले आहेत. शिक्का तोच, पीटर-पॉलचा. तुम्ही ती झग्याच्या आत शिवून घेता.

१३४९ च्या फेब्रुवारीत तुम्ही ऱ्हाईनकाठी पोचता. मरी इथे अजून आलेलीच नाही. तरीही ज्याच्या हाती फर्मान द्यायचं तो बिशप बर्टोल्ड बेनफेल्ड गावातल्या बैठकीत ज्यूंच्या विरोधातल्यांना कधीच सामील झाला आहे. ज्यूंना वाचवू पाहणारं नगरमंडळ कारागिरांच्या संघांनी उलथवून टाकलं आहे. उलथवणाऱ्यांत उमरावही आहेत, ज्यू सावकारांचे ऋणकोही आहेत. १४ फेब्रुवारीला, शनिवारी, ज्यूंना त्यांच्याच दफनभूमीत लाकडी मचाणावर नेऊन जाळलं जातं. तिथल्या बखरीत आकडा दोन हजारांचा आहे. बाप्तिस्मा घेणारे सुटतात. कर्जखती परत केली जातात, रोकड संघांमध्ये वाटली जाते. त्यांच्या जिवावर उठला तो त्यांचा पैसाच, असं त्या काळच्या बखरकारानेही नोंदवलं. तुमच्या झग्यातला कागद उघडून बघायला कोणाला वेळ नाही.

आणि सम्राटपदाचा दावेदार चौथा चार्ल्स? पॅरिसमध्ये तो क्लेमेंटचा शिष्य होता, १३४६ मध्ये त्यांच्याच पाठबळावर तो जर्मनीचा राजा निवडला गेला. ज्यूंचं रक्षण हा त्याच्या राजधर्माचा भाग, आणि त्यासाठी तो त्यांच्याकडून कर घेई. १३४९ च्या उन्हाळ्यात, न्यूरेंबर्गच्या ज्यूंची कत्तल झाली तर त्यांची उत्तम तीन घरं अमुक सरदाराला मिळावीत, असं त्याने लिहून दिलं. कत्तल डिसेंबरात झाली. गुरूचं फर्मान शिष्यानेच जुमानलं नाही, मग कारागिरांनी का जुमानावं? शिशाच्या शिक्क्यामागे जिथे पोपचा शिपाई उभा नव्हता, तिथे तो दोन संतांची तसबीर होता, एवढंच.

जिथे शिपाई होता तिथे गोष्ट निराळी. आविन्यों आता पोपच्या मालकीचं होतं आणि तिथल्या ज्यूंना संरक्षण मिळालं. फ्रान्सच्या राजाने १३९४ मध्ये ज्यूंना हाकलून दिलं, तरी पोपच्या या मुलखात ते राहिले. फ्रेंच राज्यक्रांतीने १७९१ मध्ये आविन्यों पोपकडून काढून घेतलं तेव्हाही ते तिथेच होते.