गिअरबॉक्स ओळखा, मगच ऑईल निवडा

कोल्हापूर, प्रतिनिधी - इंजिन ऑईल वेळेवर बदलण्याबाबत बहुतेक वाहनचालक दक्ष असतात. गिअर ऑईलकडे मात्र गिअर अडखळू लागेपर्यंत लक्ष जात नाही. करूळ, आंबा, फोंडा, आंबोली या घाटांतून ये-जा करणाऱ्या आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या कोल्हापूर परिसरातील वाहनांच्या गिअरबॉक्सवर मोठा ताण येतो. तरीही ‘नव्वद नंबर द्या’ एवढ्याच मागणीवर दुकानातून डबा आणला जातो. नव्वद हा आकडा केवळ ऑईलचा दाटपणा दर्शवितो. ते कोणत्या रचनेसाठी योग्य आहे, हे त्यावरून कळत नाही.

गिअरबॉक्स कसा ओळखावा?

मोटारीत क्लचचे पेडल असेल तर गिअरबॉक्स मॅन्युअल समजावा. पेडल दोनच असतील तर दांड्याजवळची अक्षरे पाहावीत. आर, एन, डी आणि एम ही अक्षरे असून ‘पी’ नसेल, तर ती बहुधा ‘एएमटी’ असते. भारतात २०१४ मध्ये मारुती सेलेरिओपासून हा प्रकार रूढ झाला. आतील गिअरबॉक्स नेहमीचा मॅन्युअलच असतो, फक्त क्लच दाबण्याचे व गिअर बदलण्याचे काम यंत्रणा करते. ‘पी’ असल्यास टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी किंवा दुहेरी क्लच यांपैकी एक प्रकार असू शकतो. या तिन्हींची ऑईल वेगवेगळी असल्याने अंदाज न करता वाहनासोबतची पुस्तिका पाहावी.

जीएल-४ आणि जीएल-५

डब्यावरील ‘८०डब्ल्यू-९०’ हा दाटपणाचा दर्जा आहे. ही मोजपट्टी इंजिन ऑईलच्या मोजपट्टीहून वेगळी असते. नव्वद नंबरचे गिअर ऑईल साधारणतः चाळीस ते पन्नास नंबरच्या इंजिन ऑईलइतकेच दाट असते. त्याखेरीज ‘जीएल-४’ किंवा ‘जीएल-५’ हा दर्जाही पाहावा लागतो. मागील चाकांना शक्ती देणाऱ्या जीप, टेम्पो व ट्रकच्या डिफरन्शिअलमधील हायपॉईड गिअरचे दाते एकमेकांवर घासत फिरतात. तेथे अतिदाब सहन करणारे गंधक-स्फुरदयुक्त घटक अधिक असलेले जीएल-५ लागते. मात्र मॅन्युअल गिअरबॉक्समधील सिंक्रोनायझरच्या कड्या अनेकदा पितळी असतात. काही जीएल-५ ऑईलमधील हे घटक पितळेला झिजवतात आणि कड्यांची पकडही बिघडवतात. परिणामी गिअर टाकताना खरखर येते. म्हणून जेथे जीएल-४ सांगितले आहे, तेथे ‘वरचा दर्जा’ म्हणून जीएल-५ भरू नये. तसेच हायपॉईड डिफरन्शिअलमध्ये जीएल-४ भरून पैसे वाचविण्याचा मोहही टाळावा.

ऑटोमॅटिकसाठी एटीएफ

टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये एटीएफ हे पातळ, बहुधा लाल रंगाचे द्रव वापरतात. ते वंगणाबरोबरच दाब पोहोचविण्याचे व क्लचची पकड राखण्याचे कामही करते. ते काळपट होऊन जळका वास येत असल्यास गिअरबॉक्स तापल्याचे समजावे. सीव्हीटीमध्ये एटीएफ अथवा नव्वद नंबर भरल्यास पट्टा आणि पुलींचे नुकसान होते.

दुचाकी आणि ट्रॅक्टर

बहुतेक चार-स्ट्रोक मोटारसायकलींत इंजिन, गिअर व ओला क्लच यांना एकच ऑईल असते. त्यावर ‘जासो एमए’ ही खूण पाहावी. मोटारीचे घर्षण कमी करणारे ऑईल भरल्यास क्लच घसरतो. जुन्या बुलेटचा गिअरबॉक्स मात्र इंजिनपासून वेगळा असून त्याचे ऑईलही स्वतंत्र असते. गिअरविरहित स्कूटरचा पट्टा कोरडा चालतो, पण मागील चाकाजवळच्या गिअरसाठी शंभर मिलिलिटरच्या आसपास ऑईल लागते. तेच बदलायचे नेमके विसरले जाते.

बहुतेक ट्रॅक्टरमध्ये गिअर, डिफरन्शिअल आणि हायड्रॉलिक यांचे ऑईल सामाईक असते. तेलात बुडालेले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरसाठी खास ट्रॅक्टर ट्रान्समिशन ऑईल मिळते. त्याऐवजी साधे नव्वद नंबर भरल्यास ब्रेक आवाज करतात आणि पकड कमी होते. भरलेल्या ट्रॉलीसह उतारावर असताना हे जिवावर बेतू शकते.

ऑईल बदलताना

गाडी सपाट जागी उभी करून, थोडी चालविल्यानंतर ऑईल कोमट असताना बदलावे. आधी भरण्याचा बोल्ट सैल होतो का, ते पाहावे. मगच खालचा बोल्ट काढावा. अन्यथा जुने ऑईल सांडून जाते आणि नवे भरता येत नाही. अनेक मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत पातळी ठेवतात. चुंबकी बोल्टवर बारीक करडा लेप असणे स्वाभाविक आहे. पण धातूचे तुकडे आढळल्यास गिअरबॉक्स तपासून घ्यावा. काढलेले ऑईल गटारीत किंवा ओढ्यात न ओतता डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे पोहोचेल, अशी व्यवस्था करावी. वापरलेले ऑईल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते.