विद्यावास्तूंचा पुनर्वापर : काशी आणि पुणे येथील काही निर्णयांचा इतिहास

विद्यालयाची वास्तू जुनी झाली, तिच्यातील वर्ग अन्यत्र गेले, की तिचे पुढे काय करावे हा प्रश्न नगरापुढे उभा राहतो. त्याचा विचार सामान्यतः तीन पर्यायांच्या चौकटीत केला जातो : वास्तू पाडावी, स्मारक म्हणून जपावी किंवा दुसऱ्या उपयोगास द्यावी. या तिन्ही पर्यायांत निर्णयाचा आधार वास्तूचे वय, तिची शैली आणि तिची भक्कमता हा असतो. तिच्यात कोणाला प्रवेश होता, कोणत्या भाषांतून ज्ञानव्यवहार चालला आणि ती उभारताना समाजाशी कोणता करार झाला, हे प्रश्न दुय्यम ठरतात. काशीच्या संस्कृत महाविद्यालयाच्या इमारतीचा इतिहास पुण्यातील दोन उदाहरणांशेजारी ठेवून वाचला, तर हा क्रम उलटा असावयास हवा असे दिसून येते.

१

काशीतील संस्था तिच्या इमारतीहून साठ वर्षांनी वडील आहे. बनारसचे रेसिडेंट जोनाथन डंकन यांनी १७९१ मध्ये संस्कृत पाठशाळा स्थापन केली. तिचे दोन हेतू त्यांनी गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस यांना कळविले होते : हिंदू प्रजेच्या मनात कंपनी सरकारविषयी आपुलकी निर्माण करणे आणि युरोपीय न्यायाधीशांना साहाय्य करणारे धर्मशास्त्रज्ञ तयार करणे. वैद्यकाचा अपवाद वगळता अध्यापक ब्राह्मणच असावेत असा पाठशाळेचा नियम होता. ज्ञानाचे रक्षण, राज्यकारभाराची सोय आणि प्रवेशाची मर्यादा या तिन्ही गोष्टी अशा रीतीने संस्थेच्या पायातच एकत्र आल्या होत्या. हेच डंकन पुढे १७९५ पासून १८११ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते.

आज संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालयाचे मुख्य भवन म्हणून ओळखली जाणारी गॉथिक वास्तू मेजर मार्कहॅम किट्टो यांच्या आराखड्यानुसार चुनारच्या वालुकाश्मात बांधली गेली. बांधकाम १८४७ मध्ये सुरू झाले आणि ११ जानेवारी १८५३ रोजी लेफ्टनंट गव्हर्नर जेम्स थॉमसन यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. किट्टो हे पुराविद होते व सारनाथ येथे त्यांनी उत्खनन केले होते. गाझीपूर जिल्ह्यातील पहलादपूर येथील प्राचीन शिलास्तंभ याच आवारात उभा करण्यात आला. वास्तूच्या घडणीतच, म्हणजे, दोन काळ आणि दोन परंपरा शेजारी ठेवण्याची कल्पना होती.

वास्तूच्या उपयोगाविषयीची कल्पनाही तशीच होती. संस्कृत पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी विद्यालय यांना एका छताखाली आणण्यासाठी ही इमारत होती. १८४६ पासून संस्थेचे प्रमुख असलेले जेम्स बॅलंटाइन यांनी पंडितांसाठी इंग्रजीचा वर्ग चालविला, तर न्यायशास्त्राच्या परिभाषेत पाश्चात्त्य तर्कशास्त्र मांडण्याचे प्रयोग केले. बेकनच्या ‘नोव्हम ऑर्गनम’चा संस्कृत अवतार विठ्ठलशास्त्री यांच्या साहाय्याने याच काळात सिद्ध झाला. बापूदेवशास्त्री हे मूळचे महाराष्ट्रीय. सीहोर येथे लॅन्सलॉट विल्किन्सन यांच्या देखरेखीखाली शिकून ते १८४२ मध्ये काशीत अध्यापक झाले. त्यांचे ‘सूर्यसिद्धान्ता’चे इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळशास्त्री रानडे यांच्यासारख्या महाराष्ट्रीय वैयाकरणाने याच महाविद्यालयात पुढच्या पिढीचे पंडित घडविले. बॅलंटाइन यांच्यानंतर प्रमुखपदी आलेल्या राल्फ ग्रिफिथ यांचे वाल्मीकि रामायणाचे पद्यमय भाषांतर काशीतच छापले गेले, आणि १८६६ मध्ये सुरू झालेल्या ‘पण्डित’ या मासिकाने येथील संपादित ग्रंथ युरोपपर्यंत पोहोचविले. इंग्रजी शाखेची नोंद हिंदी साहित्याच्या इतिहासातही आहे : भारतेंदु हरिश्चंद्र आणि जयशंकर प्रसाद या दोघांनीही काही काळ क्वीन्स कॉलेजात शिक्षण घेतले.

हा संवाद समान पातळीवरचा होता असे मात्र मानता येणार नाही. पंडितांना त्यांच्याच परिभाषेतून युरोपीय ज्ञानाकडे आणि अखेरीस ख्रिस्ती मताकडे वळविता येईल, ही बॅलंटाइन यांची आशा त्यांच्या १८५९ च्या हिंदू तत्त्वज्ञान आणि ख्रिस्ती मत यांवरील ग्रंथात उघड आहे. पंडितांनीही त्यांतून आपल्याला हवे तेवढेच घेतले. तथापि, हेतू काहीही असोत, दोन विद्यापरंपरांच्या अभ्यासकांना रोज एकमेकांच्या समोरून जावे लागेल अशी व्यवस्था या वास्तूने निर्माण केली होती, हे नाकारता येत नाही.

२

या वास्तूचा पुनर्वापर एका दिवसात ठरला नाही. १९१४ पासून सरस्वती भवन हे स्वतंत्र ग्रंथालय उभे राहिले आणि हस्तलिखितांचा संग्रह तेथे केंद्रित झाला. गंगानाथ झा आणि गोपीनाथ कविराज यांच्या कारकिर्दीत तेथून महत्त्वाच्या ग्रंथमाला निघाल्या. इंग्रजी शाखा कालांतराने वेगळी झाली. क्वीन्स कॉलेज हे नाव आज लहुराबीर येथील शासकीय इंटर कॉलेजकडे आहे. १९५८ मध्ये संपूर्णानंद उत्तर प्रदेशाचे मुख्यमंत्री असताना संस्कृत महाविद्यालयाचे वाराणसेय संस्कृत विश्वविद्यालय झाले आणि १९७४ मध्ये त्याला त्यांचे नाव देण्यात आले.

हा निर्णय दोन दृष्टींनी पाहावा लागतो. अध्यापनाची परंपरा खंडित न होता संस्थेचा दर्जा वाढला, ही त्याची जमेची बाजू होय. संग्रहालय होऊन नि:शब्द झालेल्या अनेक वसाहतकालीन वास्तूंच्या तुलनेत काशीतील इमारत पाठाच्या आवाजाशी जोडलेली राहिली. परंतु ज्या द्विभाषिक कल्पनेसाठी ती बांधली गेली, त्या कल्पनेचा एक पक्ष तिच्यातून बाहेर गेला. स्वातंत्र्योत्तर काळात वसाहतवादी चौकटीतून संस्कृतला सोडविणे स्वाभाविकच होते. मात्र सुटकेबरोबर शेजारही संपला. वास्तू टिकली, तिच्या आराखड्यामागील प्रश्न टिकला नाही.

काशीतच याहून वेगळे उदाहरण कमच्छा येथे आहे. ॲनी बेझंट यांनी १८९८ मध्ये स्थापन केलेल्या सेंट्रल हिंदू कॉलेजला काशीनरेश प्रभुनारायण सिंह यांनी तेथील जागा दिली. १९१६ मध्ये काशी हिंदू विश्वविद्यालयाची कोनशिला बसली, पुढील वर्षी वर्ग प्रथम कमच्छा येथेच भरले आणि १९२१ मध्ये महाविद्यालय नगराच्या दक्षिणेकडील नव्या परिसरात गेले. मागे राहिलेल्या जागेत शाळा चालू राहिली आणि शिक्षक-प्रशिक्षणाचेही केंद्र झाले. मोठी संस्था निघून गेल्यावर तिची जागा शिक्षकांच्या घडणीस देणे हा पुनर्वापराचा कमी गाजलेला, पण अधिक सुसंगत प्रकार म्हणावा लागेल.

३

पुण्यातील समांतर इतिहास काशीच्या निर्णयावर प्रकाश टाकतो. पेशवाईच्या अस्तानंतर दक्षिणा निधीतील रकमेवर १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिचा आदर्श काशीचाच होता. १८५१ मध्ये इंग्रजी शाळेशी तिचे विलीनीकरण होऊन पूना कॉलेज झाले. १८६४ मध्ये येरवड्याजवळ गॉथिक इमारतीची कोनशिला बसली, संस्था १८६८ मध्ये तेथे गेली आणि डेक्कन कॉलेज या नावाने ओळखली जाऊ लागली. या उभारणीसाठी सर जमशेटजी जिजीभाई यांनी एक लक्ष रुपये दिले होते.

१९३४ मध्ये मुंबई सरकारने हे महाविद्यालय बंद केले. रिकाम्या इमारतीच्या विनियोगाचा अधिकार सरकारचाच, असे तेव्हा गृहीत धरले जात होते. मु. रा. जयकर आदी माजी विद्यार्थ्यांनी आणि देणगीदाराच्या वारसांनी हे गृहीत नाकारले. देणगी विशिष्ट शैक्षणिक हेतूसाठी घेतली असल्याने मालमत्तेचा उपयोग त्या हेतूशी बांधलेला आहे, ही भूमिका न्यायालयात मांडण्यात आली. त्याची परिणती १७ ऑगस्ट १९३९ रोजी डेक्कन कॉलेज पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू होण्यात झाली. सु. मं. कत्रे, ह. धी. सांकलिया, इरावती कर्वे यांच्या कार्याने भाषाशास्त्र, पुरातत्त्व आणि मानवशास्त्र या विद्यांना तेथे घर मिळाले. १९४८ मध्ये संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाचे काम सुरू झाले. पदवीचे वर्ग परत आले नाहीत, तरी वास्तूचा करार नव्या विद्यांच्या रूपाने पाळला गेला. संस्कृत आणि इंग्रजी यांचे जे सान्निध्य काशीत सुटले, ते पुण्यात तौलनिक भाषाशास्त्राच्या रूपाने टिकून राहिले.

४

या दोन्ही वास्तूंना दगड होता, देणगीदार होते, कागदपत्रे होती. ज्या शाळांजवळ यांपैकी काहीच नव्हते, त्यांचे काय, हा प्रश्न पुण्यातील भिडे वाड्याने उपस्थित केला आहे. काशीतील इमारतीचे काम सुरू झाले त्याच्या पुढच्याच वर्षी, १८४८ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बुधवार पेठेतील या वाड्यात मुलींची शाळा काढली. खोल्या दुसऱ्याच्या होत्या. शाळा गेल्यावर वाडा वाडाच राहिला. पुढे तेथे दुकाने आली, इमारत मोडकळीस आली आणि राष्ट्रीय स्मारकाची मागणी दीर्घकाळ न्यायालयात अडकली. २०२३ मध्ये उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांच्या निर्णयांनंतर पुणे महानगरपालिकेने जागा ताब्यात घेतली व डिसेंबरमध्ये जीर्ण वाडा पाडण्यात आला. २०२४ मध्ये स्मारकाची पायाभरणी झाली.

वास्तुशैलीचा निकष लावला तर किट्टोंच्या इमारतीपुढे हा वाडा नगण्य ठरेल. प्रवेशाचा निकष लावला तर क्रम बदलतो. एका ठिकाणी ब्राह्मण अध्यापकांच्या नियमाने सुरू झालेली परंपरा राजकीय आश्रयाने दगडात उभी राहिली. दुसऱ्या ठिकाणी शिक्षणातून वगळलेल्यांसाठी उघडलेला वर्ग उसन्या छताखाली भरला, म्हणून त्याचे छत राहिले नाही. केवळ टिकलेल्या भिंतींच्या आधारे वारसा ठरविला, तर ज्यांना टिकाऊ भिंती बांधता आल्या त्यांचाच इतिहास पुन्हा एकदा वारसा ठरतो. हा अन्याय पुनर्वापराच्या निर्णयात नकळत होत असतो, आणि म्हणूनच त्या निर्णयाला साहित्य व समाज यांच्या इतिहासकारांची गरज आहे.

५

या उदाहरणांवरून निर्णयाचे तीन प्रश्न निष्पन्न होतात. वास्तू उभारताना ती कोणासाठी व कशासाठी असे सांगितले गेले? प्रत्यक्षात तिच्यात कोण आले आणि कोण बाहेर राहिले? नव्या उपयोगाने पहिले वचन पाळले जाते काय, आणि दुसऱ्या प्रश्नातील उणीव भरून निघते काय? डेक्कन कॉलेज पहिल्या कसोटीस उतरले. भिडे वाड्याच्या जागेवरील स्मारकाची खरी परीक्षा तिसऱ्या कसोटीवर होईल : तेथे केवळ दर्शन घडेल की मुलींना शिकण्यासाठीही जागा मिळेल, यावर ती अवलंबून आहे.

काशीच्या मुख्य भवनाबाबत तिन्ही प्रश्न एकत्र येतात. त्याचे निव्वळ प्रेक्षणीय स्थळ करणे पहिल्या वचनाशी विसंगत ठरेल. त्याला एकाच भाषेचे मंदिर करणे अपुरे ठरेल. सरस्वती भवनातील लाखाच्या आसपास हस्तलिखिते आणि भवनाची दालने यांच्यामध्ये भाषांतराचे, पाठसंपादनाचे, संस्कृतसह हिंदी, उर्दू, मराठी, बंगाली अशा काशीत नांदलेल्या भाषांचे वर्ग बसविता आले, जात आणि लिंग यांच्या मर्यादेविना त्यांची दारे उघडी राहिली, तर १८५३ ची कल्पना तिच्या वसाहतवादी हेतूवाचून आणि १७९१ चा नियम वगळून पुरी होईल. बापूदेवशास्त्रींनी ‘सूर्यसिद्धान्त’ दुसऱ्या भाषेत नेला तो याच संस्थेत राहून. त्या कामाला पुन्हा जागा देणे हा या वास्तूचा सर्वांत प्रामाणिक पुनर्वापर होय.