एरंडेलाचा रविवार

आमच्या लहानपणी महिन्यातला एक रविवार एरंडेलाचा असे. नाक दाबून घोट घ्यायचा, वर सुंठीचा काढा! ही परंपरा फार जुनी. इजिप्तमध्ये इ.स.पूर्व १५५०च्या सुमारास लिहिलेल्या एबर्स पपायरसमध्ये एरंडाचा उल्लेख आहे. आयुर्वेदानेही त्याला रेचकांत मान दिला.

पुढे युगांडात काम केलेले शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी ग्रामीण आफ्रिकेतल्या चोथायुक्त आहाराकडे लक्ष वेधलं. चोथा भरपूर असला की मल मऊ राहतो, लवकर पुढे सरकतो, असं त्यांनी १९७२ साली सहकाऱ्यांसह मांडलं. म्हणजे आपली भाकरी, पालेभाजी, उसळच! जोडीला पाणी हवं. इसबगोलही भरपूर पाण्याबरोबरच घ्यावा; कोरडा गिळला तर घशात अडकू शकतो.

या इतिहासातला एक धडा मात्र मला महत्त्वाचा वाटतो. पोट दुखतंय म्हणून घरोघरी एरंडेल पाजलं जाई. दुखणं अपेंडिक्सचं असलं, तर जुलाबाच्या औषधाने ते फुटण्याचा धोका वाढे. म्हणून तीव्र पोटदुखी, उलट्या, फुगलेलं पोट, वायूही न सरणं, शौचातून रक्त, विनाकारण घटणारं वजन, किंवा उतारवयात अचानक बदललेली सवय यांपैकी काही दिसलं, तर रेचकाची बाटली बाजूला ठेवावी आणि डॉक्टरांकडे जावं.