गॉर्डन जे. लाऊ प्राथमिक शाळा

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या चायनाटाउन भागात, क्ले स्ट्रीटवर असलेली सार्वजनिक शाळा. चिनी वंशाच्या मुलांना शिक्षण नाकारण्याच्या इतिहासातून ती उभी राहिली. 1884 मध्ये आठ वर्षांच्या मेमी टेप हिला तिच्या घराजवळच्या शाळेने प्रवेश नाकारला. आईवडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि 1885 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मेमीच्या बाजूने निकाल दिला. तरीही शाळेच्या दारात गेल्यावर लस टोचल्याचा दाखला नाही, या सबबीखाली तिला परत पाठवण्यात आले. दरम्यान घाईघाईने नवा कायदा करून चिनी मुलांसाठी ही वेगळी शाळा काढण्यात आली. न्यायालयात जिंकलेला हक्क असा हिरावला गेला, हा उघड अन्यायच होता. 1906 मध्ये जपानी मुलांनाही याच ‘ओरिएंटल’ (पौर्वात्य) म्हटल्या जाणाऱ्या शाळेत पाठवण्याचा हुकूम निघाला. त्यावरून जपान आणि अमेरिका यांचे संबंध ताणले गेले.

पुढे शाळेला नौदल अधिकारी कमोडोर स्टॉकटन यांचे नाव मिळाले. 1926 पासून येथे शिकवणाऱ्या अ‍ॅलिस फाँग यू या शहरातील सार्वजनिक शाळांमधल्या पहिल्या चिनी-अमेरिकन शिक्षिका होत.

आता शाळेला ज्यांचे नाव आहे, ते गॉर्डन लाऊ वकील होते. 1977 मध्ये शहराच्या पर्यवेक्षक मंडळावर निवडून आलेले ते पहिले चिनी-अमेरिकन सदस्य. ज्या वस्तीची मुले एकेकाळी वेगळी बसवली गेली, तिच्या शाळेला तिच्याच समाजातील लोकप्रतिनिधीचे नाव मिळणे सर्वस्वी उचित आहे.