इतवारीने पाहिलेल्या राजवटी

इतवारीतील जुन्या घरांचे उंबरठे जागचे हलले नाहीत. राज्ये मात्र त्यांच्यासमोरून बदलत गेली. प्रत्येक राजवटीत येथील सामान्य माणसाच्या पदरी कोणते हक्क होते, हे आपल्या तरुण पिढीस ठाऊक असावे, एवढाच या लेखाचा हेतू.

भोसल्यांच्या काळी राजाचा शब्द हाच अखेरचा न्याय होता. राजा दयाळू असेल तर रयत सुखी. परंतु त्या सुखास हक्काचा आधार नव्हता. 11 डिसेंबर 1853 रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि 1854 मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. धनी बदलला, रयतेचे मत कोणीच विचारले नाही.

इंग्रजी अमलात 1861 साली मध्यप्रांत झाला, 1864 मध्ये नगरपालिका आली. 1919 च्या सुधारणांनी शिक्षण, आरोग्य यांसारखी खाती लोकांस जबाबदार मंत्र्यांकडे दिली. पोलीस व तिजोरी मात्र गव्हर्नरांच्या हाती राहिली. मताचा अधिकारही मालमत्ता व कर पाहून मिळे. गरिबास कायदा पाळावयाचा होता, करावयाचा नव्हता.

याच नगरीत डिसेंबर 1920 च्या अधिवेशनात काँग्रेसने नवी घटना स्वीकारली व चार आणे वर्गणीवर सभासदत्व खुले केले. पुढे 1923 मध्ये सिव्हिल लाइन्सच्या रस्त्याने राष्ट्रध्वज नेण्यास बंदी झाली, तेव्हा 1 मेपासून झेंडा सत्याग्रह सुरू झाला. जमनालाल बजाजांना अटक झाली. वल्लभभाई पटेलांनी धुरा घेतली. प्रांतोप्रांतीच्या हजारांहून अधिक सत्याग्रहींनी तुरुंग पत्करला, आणि ऑगस्टमध्ये ध्वज त्याच रस्त्याने गेला. सार्वजनिक रस्ता सर्वांचा, हा धडा तेव्हा मिळाला.

26 जानेवारी 1950 रोजी संविधान अमलात आले. 1951-52 च्या निवडणुकीत पेढीचा मालक व मागावरचा विणकर, पुरुष व स्त्री, प्रत्येकाचे मत एकच ठरले. 1989 मध्ये मतदानाचे वय 21 वरून 18 झाले.

परंतु ज्ञातिबांधवहो, राजवाड्यातील राज्य गेले, तरी ओट्यावरचे राज्य अनेक ज्ञातींत मागे उरले. पंचांनी कुणाचे पान बंद करावे, विवाहाच्या निवडीसाठी कुटुंबास वाळीत टाकावे, ही प्रथा नागरिकत्वाशी विसंगत होय. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 मध्ये कायदा केला. तो 3 जुलै 2017 पासून लागू असून त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

तथापि केवळ शिक्षेच्या भयाने नव्हे, तर विचाराने आपण बदलावे. वार्षिक सभेत हिशेब विचारणारा सभासद संस्थेचा शत्रू नसतो. वेगळे मत मांडणारी भगिनी ज्ञातीबाहेर जात नाही. जो समाज घरात मतभेद सोसतो, त्यासच देशात लोकशाही मागण्याचा अधिकार शोभतो.